तारेची कोंडी दरात दिसू द्या

उन्हाळ्यातल्या दुपारी वीज एक्स्चेंजवर देशभर जवळपास एकच भाव लागतो. कधी तो युनिटला दोन रुपयांच्याही खाली जातो. २०२५ मध्ये अशा दुपारी राजस्थानातल्या सौर प्रकल्पांना भारप्रेषण केंद्राकडून, म्हणजे ग्रिडवरचा भार सांभाळणाऱ्या नियंत्रण केंद्राकडून, उत्पादन कमी करण्याचे आदेश जात होते. वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या पुऱ्या झालेल्या नव्हत्या आणि यातले अनेक प्रकल्प तात्पुरत्या परवानगीवर ग्रिडला जोडलेले होते. ऊन होते, पॅनेल तयार होते, देशात मागणीही होती. मधली तार अपुरी होती. हीच तारेची कोंडी. भाव पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नव्हते, कारण बाजाराच्या हिशेबात राजस्थान, उत्तर प्रदेश, उत्तराखंड आणि दिल्ली हा एकच विभाग आहे. त्या विभागाच्या आत तारांना मर्यादा नाही, असे गृहीत धरूनच भाव काढला जातो.

पारेषणाचा, म्हणजे मोठ्या वाहिन्यांवरून वीज दूर नेण्याचा, खर्च सगळ्यांनी मिळून उचलावा, याला माझा विरोध नाही. चंद्रपूरची वीज पुण्याला आणि कच्छची वीज विदर्भाला पोचते ती सामाईक ग्रिडमुळे, आणि त्या ग्रिडचे बिल वाटून घेणे न्याय्यच आहे. पण कोंडी नेमकी कुठे आहे आणि दर तासाला तिची किंमत किती, हा आकडाही आपण सरासरीत बुडवून टाकतो. त्याचे परिणाम ग्राहक, उत्पादक आणि राज्याची तिजोरी असे तिघेही भोगत आहेत. खर्चाची वाटणी आणि कोंडीचा भाव हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी द्यायला हवीत.

आधी तारेचे शास्त्र पाहू, कारण या विषयातल्या बहुतेक चुका तिथे होतात. वाहिनीची क्षमता हा कायमचा ठरलेला आकडा नसतो. ‘मूस’ जातीच्या तारांची जोडी असलेल्या ४०० केव्ही वाहिनीचा नैसर्गिक भार, म्हणजे ज्या भाराला तिच्यावरचे व्होल्टेज आपोआप समतोल राहते तो, ५०० मेगावॉटच्या आसपास असतो. अंतर कमी असेल तर तिच्यातून याहून बरीच जास्त वीज नेता येते. तिथे मर्यादा तापमानाची असते. तार तापली की लोंबते आणि जमिनीपासूनचे सुरक्षित अंतर कमी होते. लांब वाहिनीवर तापमानाच्या आधी व्होल्टेज आणि स्थिरता आडवी येते. हवा पंचेचाळीस अंशांवर गेली की तार थंड राहत नाही, म्हणून मे महिन्यात मागणी शिखरावर असताना वाहिनीची क्षमता मात्र उतरलेली असते. शिवाय एखादी वाहिनी अचानक बाद झाली तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे, हा ग्रिड चालवण्याचा मूलभूत नियम आहे. प्रत्येकी ८०० मेगावॉटच्या तीन समांतर वाहिन्यांवरून २,४०० नेता येत नाहीत. १,६०० वर थांबावे लागते. हा नियम मोडला की काय होते ते जुलै २०१२ मध्ये देशाने पाहिले. बिना–ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनीचे एक सर्किट कामासाठी बंद होते, दुसऱ्यावर भार चढत गेला आणि ते बाद होताच ३० जुलैला उत्तर ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोक अंधारात गेले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वीज करारात लिहिलेल्या वाटेने जात नाही, ती उपलब्ध सगळ्या वाटांनी वाटली जाते. एक त्रिकोण घ्या. ‘अ’ आणि ‘ब’ या ठिकाणी वीज केंद्रे आहेत, ‘क’ इथे शहर आहे. तिन्ही वाहिन्यांचा विद्युत अडथळा सारखा आहे. ‘अ’ची वीज ३ रुपयांना, ‘ब’ची ५ रुपयांना. ‘अ’कडून ‘क’ला निघालेल्या विजेतली दोन तृतीयांश थेट वाहिनीने जाते आणि एक तृतीयांश ‘ब’वरून वळसा घालून येते. ‘ब’कडून निघालेल्या विजेतलीही एक तृतीयांश ‘अ’वरून येते, म्हणजे ‘अ–क’ वाहिनीवर तिचाही भार पडतो. आता ‘अ–क’ची मर्यादा ४०० मेगावॉट आहे असे धरू. शहराला ६०० मेगावॉट हवे असतील तर सगळे ‘अ’कडून घेता येतात. पण मागणी ९०० झाली की स्वस्त केंद्राने ६०० वर राहावे आणि महागड्याने उरलेले ३०० द्यावेत, असे करता येत नाही, कारण तसे केले तर ‘अ–क’वर ५०० मेगावॉट चढतात. हिशेब मांडला तर ‘अ’ला ३०० पर्यंत खाली आणावे लागते आणि ‘ब’ला ६०० पर्यंत वर न्यावे लागते. मागणी वाढली आणि स्वस्त केंद्राचे उत्पादन निम्म्यावर आले!

पुढे आणखी एक धक्का आहे. शहराला एक मेगावॉट जास्त हवा असेल तर ‘अ’ने एक कमी करायचा आणि ‘ब’ने दोन वाढवायचे, तरच ‘अ–क’ मर्यादेत राहते. त्या एका मेगावॉटची किंमत होते दोन वेळा पाच उणे तीन, म्हणजे युनिटला ७ रुपये. कोणत्याही केंद्राने पाचच्या वर बोली लावलेली नाही, तरीही शहरातल्या विजेचे खरे मोल सात आहे. आणि ‘अ–क’ वाहिनीची क्षमता एका मेगावॉटने वाढवली, तर ‘अ’ तीन मेगावॉट जास्त देऊ शकतो, ‘ब’ तीन कमी; बचत ६ रुपये युनिट, म्हणजे तासाला ६ हजार रुपये. हा सहाचा आकडा या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. नवी वाहिनी बांधावी, जुन्या मनोऱ्यांवर जास्त तापमान सोसणारी तार ओढावी, शहरात बॅटरी बसवावी की मागणी कमी करणाऱ्या ग्राहकाला पैसे द्यावेत, हे सगळे निर्णय त्या आकड्याशी ताडून घेता येतात. आपल्या व्यवस्थेत तो आकडा कुणालाच दिसत नाही.

आपल्याकडे कोंडी बाजारात येते ती फार ढोबळ स्वरूपात. देश १३ बोली-विभागांत, म्हणजे वेगळा भाव निघू शकेल अशा भागांत, वाटलेला आहे. आदल्या दिवशीच्या बाजारात एक्स्चेंज प्रथम तारांची मर्यादा नाही असे मानून पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांचा भाव काढतो, विभागांमधले प्रवाह राष्ट्रीय भारप्रेषण केंद्राला कळवतो, केंद्र उपलब्ध क्षमता सांगते. ही उपलब्ध क्षमता म्हणजे एकूण हस्तांतरण क्षमतेतून सुरक्षेसाठी राखलेला भाग आणि आधी मंजूर झालेले व्यवहार वजा करून उरलेली जागा. प्रवाह तिच्यापेक्षा जास्त निघाला तर बाजार फुटतो: वीज कमी पडलेल्या बाजूला भाव चढतो, वीज अडकून राहिलेल्या बाजूला उतरतो. समजा दोन विभागांत १,००० मेगावॉटची वाट पूर्ण भरली आणि भावात ३ रुपयांचे अंतर पडले, तर तासाला ३० लाख रुपये मध्ये उरतात. खरेदीदारांनी जास्त दिलेले असतात, विक्रेत्यांना कमी मिळालेले असतात. ही रक्कम वीज व्यवस्था विकास निधीत जमा होते.

ही पद्धत निरुपयोगी होती असे नाही. दक्षिण ग्रिड उर्वरित देशाशी समकालिक, म्हणजे एकाच लयीत चालेल अशी, जोडली जाण्यापूर्वी दक्षिणेतला भाव उत्तरेच्या दुप्पट, कधी त्याहून वर राहायचा. तो फरक रोज छापून येत होता, म्हणूनच रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीची निकड सगळ्यांना पटली होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ती जोडणी झाली आणि पुढच्या वर्षांत आणखी वाहिन्या आल्यावर फरक बराच मिटला. विभागांमधली कोंडी भावात दिसली आणि तिच्यावर इलाज झाला. आता कोंडीचे ठिकाण बदलले आहे. ती विभागांच्या आत शिरली आहे: जैसलमेरच्या वाळवंटात, कच्छच्या रणाकाठी, मुंबईच्या वेशीवर. पश्चिमेकडचा दुसरा विभाग गोंदियापासून कच्छपर्यंत पसरलेला आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि उत्तर गोवा एकाच भावाखाली. एवढ्या मोठ्या विभागाच्या आतली कोंडी बाजाराला दिसत नाही. मग ती सोडवायची कशी? भारप्रेषण केंद्र फोन उचलते, आदेश देते, एका केंद्राचे उत्पादन उतरवते, दुसऱ्याचे चढवते. वीज सुरक्षित राहते, पण त्या आदेशाची किंमत कुठल्यातरी सामाईक खात्यात विरघळते.

आता पारेषण आकाराकडे वळू. २०११ पूर्वी आंतरराज्य पारेषणात प्रादेशिक टपाल तिकिटाची पद्धत होती: अंतर कितीही असो, दर एकच, आणि प्रदेश ओलांडला की दुसऱ्या प्रदेशाचा आकार वर चढायचा. १ जुलै २०११ पासून केंद्रीय वीज नियामक आयोगाने जोडणीबिंदूवर आधारित पद्धत आणली. ग्रिडच्या भारप्रवाहाचे गणित मांडून कोणत्या बिंदूवरची वीज ग्रिडचा किती वापर करते ते काढायचे आणि त्याप्रमाणे आकार लावायचा. कल्पना उत्तम होती. पण सुरुवातीला निम्मा आकार सरसकट ठेवला गेला आणि उरलेल्या निम्म्याचे दर मोजक्या पायऱ्यांत बसवले गेले. शेजारच्या दोन बिंदूंमधला खरा फरक त्या पायऱ्यांत पुसला गेला. गणित इतके गुंतागुंतीचे होते की राज्यांना स्वतःचे बिल पडताळता येत नव्हते, आणि जे पडताळता येत नाही त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. १ नोव्हेंबर २०२० पासून नवी वाटणी आली. तिच्यात राष्ट्रीय, प्रादेशिक, रोहित्रांचा आणि एसी व्यवस्थेचा असे घटक आहेत. यातला फक्त एसी व्यवस्थेतला वापराधारित भाग भारप्रवाहाच्या गणितावरून ठरतो. तोही महिन्यातल्या सर्वाधिक मागणीच्या खंडापुरता. बाकी बहुतेक रक्कम मेगावॉटच्या प्रमाणात वाटली जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सर्वसाधारण जाळे-प्रवेश, म्हणजे ग्रिडमधून ठरावीक मेगावॉटपर्यंत वीज ओढण्याची मुभा, लागू झाला, तेव्हापासून हा मेगावॉटचा आकडा म्हणजे राज्याने घेतलेल्या प्रवेशाचा आकडा.

या रचनेत आकार वीज ओढणाऱ्याने भरायचा असतो. वीज घालणाऱ्याला, म्हणजे प्रकल्प कुठे उभारायचा हे ठरवणाऱ्याला, जागेचा भाव लागतच नाही. त्यावर सौर आणि पवन प्रकल्पांसाठी आंतरराज्य आकाराची पूर्ण माफी होती. ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांना ती मिळाली. त्यानंतर दरवर्षी पंचवीस टक्क्यांच्या पायऱ्यांनी आकार लागू होत जातो. एका काळात या माफीने हरित ऊर्जेला आधार दिला, हे मान्य करायला हवे. पण ऊन जास्त तिथे प्रकल्प, मग तार असो वा नसो, अशी शर्यत तिनेच लावली. मुदतीच्या तारखेआधी प्रकल्प सुरू झाला पाहिजे म्हणून सगळे एकाच पट्ट्यात गोळा झाले. प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. ७६५ केव्ही वाहिनीला मार्गाधिकार, वनपरवाने, माळढोकच्या अधिवासाबाबतचे न्यायालयीन आदेश या सगळ्यांतून जाताना त्याहून बराच जास्त काळ लागतो. सोलापूर किंवा धुळे जिल्ह्यात तोच प्रकल्प युनिटला थोडा महाग पडला असता, पण मागणीच्या जवळ असता. त्या तुलनेसाठी लागणारी तारेची किंमत माफीमुळे प्रकल्पवाल्याच्या हिशेबात शून्य होती. आता उत्पादन उतरवण्याचे आदेश आले की तोच विकासक तक्रार करतो, आणि त्याची तक्रार खरीच असते. ग्रिडच्या सुरक्षेसाठी केलेल्या कपातीला भरपाई मिळत नाही, आणि तात्पुरत्या प्रवेशावर असलेला प्रकल्प कपातीच्या रांगेत पहिला असतो.

महाराष्ट्राच्या आतल्या पारेषणात तर जागेचा भाग जवळजवळ नाहीच. महापारेषण आणि इतर परवानाधारकांचा मंजूर खर्च एका कुंडात जमा होतो. महावितरण, बेस्ट, टाटा, अदानी, रेल्वे अशा वितरण परवानाधारकांच्या मागणीच्या प्रमाणात तो वाटला जातो. राज्याची मागणी शिखरावर असतानाचा त्यांचा भार आणि त्यांचे स्वतःचे शिखर, या दोन्हींची सरासरी हा वाटणीचा आधार. चंद्रपूर, कोराडी आणि तिरोडा या केंद्रांच्या सावलीत असलेला नागपूर–चंद्रपूरचा कारखाना आणि तळोज्याचा कारखाना, दोघांच्या दरात पारेषणाचा हिस्सा सारखाच. विदर्भातल्या उद्योजकांची तक्रार दशकांपासून हीच आहे: धूर आमच्याकडे, वीज पश्चिमेला, दर एकच. यावर सरकारने उपाय काढला तो २०१६ पासून विदर्भ, मराठवाडा आणि मागास भागांतल्या उद्योगांना तिजोरीतून वीज सवलत देण्याचा. जो फरक पारेषणाच्या दरातून, मोजून आणि कायमचा मिळायला हवा होता, तो अर्थसंकल्पाच्या तरतुदीवर आणि निकषांच्या फेरबदलांवर अवलंबून ठेवला गेला. चंद्रपूर–पडघे ही ७५२ किलोमीटरची, १,५०० मेगावॉटची एचव्हीडीसी (उच्चदाब एकदिश प्रवाहाची) वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली ती पूर्वेची वीज पश्चिमेला नेण्यासाठीच. तिचा फायदा कुणाला किती, हा प्रश्न तेव्हाही दरात उमटला नाही.

मुंबईची स्थिती सगळ्यांत बोलकी आहे. शहराची कमाल मागणी उन्हाळ्यात ४,००० मेगावॉटच्या वर जाते. शहरात जमीन नाही, खाड्या आहेत, कांदळवन आहे, झोपडपट्ट्यांवरून मनोरे नेता येत नाहीत. म्हणून बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या मोजक्याच राहिल्या. ट्रॉम्बेचे संच, टाटांची घाटातली जलविद्युत केंद्रे आणि डहाणूचे ५०० मेगावॉट हे नुसते वीज विकण्यासाठी चालत नाहीत. बाहेरच्या वाहिन्यांवरचा भार मर्यादेत ठेवण्यासाठी ते चालू ठेवावे लागतात. बाहेर स्वस्त वीज असतानाही ट्रॉम्बेचा संच चालतो, तेव्हा त्या दोन्हींच्या खर्चातला फरक म्हणजे मुंबईच्या कोंडीची किंमत. पण ती ‘कोंडी’ या रकान्यात कुठेच लिहिली जात नाही. ती टाटा आणि बेस्टच्या ग्राहकांच्या वीज खरेदी खर्चात जाते. डहाणूची अदानीच्या ग्राहकांच्या. संचामुळे सुरक्षितता मिळते साऱ्या शहराला, बिल मात्र करार कुणाचा आहे त्यावर ठरते.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी या कोंडीचा हिशेब दुसऱ्या प्रकारे चुकता झाला. कळवा–पडघे आणि खारघरच्या बाजूच्या ४०० केव्ही वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या. उरलेल्या एकामागून एक बाद झाल्या, शहराला वेगळे काढून जगवणारी आयलँडिंग योजना टिकली नाही आणि दोन हजार मेगावॉटहून अधिक भार गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली. त्यानंतर कामांना वेग आला: खारघर–विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, कुडूस–आरे हा १,००० मेगावॉटचा एचव्हीडीसी दुवा हाती घेतला गेला. दोन्ही प्रकल्प त्याआधी कितीतरी वर्षे कागदावर होते. मुंबईच्या वेशीवरच्या कोंडीचा भाव दर पंधरा मिनिटांनी छापला गेला असता, तर वर्षाची बेरीज आयोगासमोर ठेवून दशकभर आधी विचारता आले असते की वाहिनीचा खर्च जास्त की कोंडीचा. तसे विचारण्यासाठी आपल्याकडे आकडाच नव्हता. आणि या दुव्यांचा खर्च पुन्हा त्याच कुंडात, म्हणजे गडचिरोलीच्या ग्राहकावरही तितकाच.

मोठ्या विभागांचा भाव आणि आतल्या कोंडीसाठी आदेश, ही पद्धत जगात आधी वापरून झालेली आहे. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये अशीच विभागीय रचना केली. विभागाच्या आतल्या कोंडीसाठी ग्रिडचालक उत्पादकाला नियोजित वीज मागे घ्यायला सांगायचा आणि त्याचे पैसे द्यायचा. उत्पादकांनी लगेच ओळखले: ज्या वाहिनीवर वीज मावणार नाही, तिच्यावरच जास्तीचे नियोजन टाकायचे आणि मग मागे घेण्याचे पैसे घ्यायचे. २०००–०१ च्या संकटात या युक्त्या उघड झाल्या. १ एप्रिल २००९ पासून राज्याने प्रत्येक बिंदूचा वेगळा भाव स्वीकारला. टेक्सासने १ डिसेंबर २०१० रोजी तेच केले. तिथे पश्चिमेकडच्या पवनक्षेत्रात भाव शून्याखाली जाऊ लागले. राज्याने पश्चिमेकडून शहरांकडे सुमारे ५,८०० किलोमीटर वाहिन्या बांधल्या आणि त्यांचा खर्च सर्व ग्राहकांवर सरसकट वाटला. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो: भाव बिंदूनुसार, वाहिनीचे बिल सामाईक. दोन्ही एकत्र नांदतात. उलट बाजूला जर्मनी आहे. संपूर्ण देशाचा एकच भाव. उत्तरेत वारा, दक्षिणेत कारखाने. २०२२ मध्ये कोंडी सोडवण्यासाठीच्या आदेशांचा खर्च ४ अब्ज युरोंच्या वर गेला, आणि तो ग्राहकांच्या जाळे-आकारात मिसळला.

विरोधी बाजूलाही वजन आहे. ब्रिटनने बरीच वर्षे विचार करून जुलै २०२५ मध्ये विभागीय भाव नाकारला. तिथल्या गुंतवणूकदारांना भीती होती की उद्या आपल्या प्रकल्पाच्या जागेचा भाव कोसळेल. त्या भीतीमुळे भांडवल महाग झाले तर मिळालेला फायदा व्याजात जाईल. हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर उत्तर आहे ते आर्थिक पारेषण हक्काचे. त्रिकोणाच्या उदाहरणात ‘अ’पासून ‘क’पर्यंत १०० मेगावॉटचा हक्क ज्याच्याकडे आहे, त्याला दोन बिंदूंच्या भावांतला फरक, म्हणजे ४ रुपये युनिट, तासाला ४ लाख रुपये मिळतात. ‘अ’च्या केंद्राने शहराशी ठरलेल्या भावाने करार केला असेल तर कोंडीचा तोटा या हक्कातून भरून निघतो, आणि पैसे येतात कोंडीतूनच जमलेल्या रकमेतून. मात्र हक्क वाटताना ते सगळे एकाच वेळी ग्रिडवर मावतात का हे तपासावे लागते. वाहिनी बंद असताना क्षमता कमी होते, जमा कमी पडते आणि हक्काचे पूर्ण पैसे देता येत नाहीत. अमेरिकेतल्या पीजेएम बाजारात गेल्या दशकाच्या पूर्वार्धात हे अनेकदा झाले. २०१८ मध्ये तिथे एका सट्टेबाज कंपनीने पुरेशा तारणाविना हक्कांचा मोठा साठा केला आणि हात वर केले. तोटा बाकीच्या सदस्यांच्या माथी बसला. आपण हक्क आणले तर सुरुवातीला ते प्रत्यक्ष प्रवेशाचे पैसे भरणाऱ्यांनाच द्यावेत, तारण पूर्ण घ्यावे, आणि निव्वळ सट्ट्यासाठी येणाऱ्यांना काही वर्षे बाहेर ठेवावे.

दुसरा आक्षेप मक्तेदारीचा. छोट्या विभागात दोन-तीनच उत्पादक असतात. मुंबईत तर तेच वितरकही आहेत. ट्रॉम्बेला आपण नसलो तर शहर चालत नाही हे ठाऊक असेल, तर त्याने हवी ती बोली का लावू नये? म्हणून अपरिहार्य संचांना बाजारात मोकळे सोडता येणार नाही. कोंडी असेल त्या खंडात त्यांची बोली इंधन आणि देखभालीच्या पडताळलेल्या खर्चावर बांधलीच पाहिजे. अमेरिकेतल्या बिंदूनिहाय भावाच्या बाजारांत असे नियम आहेत.

तिसरा आक्षेप सामान्य ग्राहकाचा: मुंबईकराला महाग आणि नागपूरकराला स्वस्त वीज, असे होईल का? होण्याची गरज नाही. इटलीने अनेक वर्षे उत्पादकांना विभागीय भाव दिला आणि ग्राहकांकडून राष्ट्रीय सरासरी घेतली. घरगुती ग्राहक आणि शेतकरी यांच्यासाठी राज्याची सरासरी ठेवावी. उच्चदाब उद्योग, डेटा सेंटर, बॅटरी प्रकल्प आणि नवे उत्पादक, म्हणजे ज्यांना जागा निवडता येते त्यांना, मात्र जागेचा भाव दिसला पाहिजे. नवी मुंबईत डेटा सेंटरांची रांग लागलेली असताना हा प्रश्न उद्यावर टाकता येणार नाही.

लगेच काय करता येईल? सगळ्यात सोपे काम म्हणजे मोजणे आणि छापणे. एप्रिल २०१९ पासून ग्रिड चालवणारी राष्ट्रीय संस्था आंतरराज्य केंद्रांसाठी खर्च कमीत कमी ठेवणारे गणित सोडवते आहे. अशा गणितात प्रत्येक अडलेल्या मर्यादेचा सावली-भाव, आपल्या त्रिकोणातला तो सहाचा आकडा, मर्यादा घातली की उत्तरासोबत आपोआप निघतो. तो दर खंडाला, वाहिनीच्या नावासह जाहीर करावा. राज्य भारप्रेषण केंद्राने महाराष्ट्रासाठी तेच करावे: मुंबईच्या वेशीवरच्या वाहिन्या, पुण्याच्या भोवतालचा ४०० केव्ही वेढा, विदर्भातून पश्चिमेला येणारे मार्ग. वर्षभर या भावाने कुणालाही बिल लावू नये. फक्त दिसू द्यावा. प्रत्येक कपातीच्या आदेशासोबत कोणत्या मर्यादेमुळे आणि किती मेगावॉट, हेही छापावे.

पुढची पायरी म्हणजे बोली-विभागांची फेरमांडणी. पश्चिम राजस्थान वेगळा, कच्छ वेगळा, मुंबई महानगर वेगळे. देशात एक्स्चेंजवरून जाणारी वीज अजून एकूण विजेच्या दहा टक्क्यांच्या आत आहे, बाकी दीर्घकालीन करारांत. म्हणून हा बदल आज केला तर धक्का छोटा बसेल. बाजार मोठा झाल्यावर प्रत्येक जुन्या हितसंबंधाला सांभाळावे लागेल.

राज्यातल्या पारेषण आकाराची दोन भागांत फोड व्हावी. बांधून झालेल्या ग्रिडचा खर्च आजच्यासारखाच सरसकट राहावा. कोंडीच्या भावातून तारांचा पूर्ण खर्च कधीच निघत नाही, कारण वाहिन्या मोठ्या टप्प्यांत बांधाव्या लागतात आणि बांधल्यावर कोंडी सुटते. म्हणून हा स्थिर भाग लागणारच. पण नव्या वाहिन्यांचा खर्च ज्या भागाच्या वाढत्या मागणीमुळे आला त्याच्यावर जास्त पडावा. त्याच हिशेबात, कोंडीच्या अलीकडे, म्हणजे मागणीच्या बाजूला, बसवलेली बॅटरी, छतावरची सौर वीज आणि शिखरकाळात भार उतरवणारा कारखाना यांना सूट मिळावी. त्रिकोणातल्या शहरात संध्याकाळी एक मेगावॉट देणारी बॅटरी पाच नव्हे, सात रुपयांची आहे. तिला पाचच मिळाले तर ती बसवलीच जाणार नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर वीज तयार होऊन तिथल्याच शेतीपंपांना मिळते. ती वीज ४०० केव्ही वाहिन्यांवर येतच नाही, तर तेवढा पारेषण लाभ मोजून महावितरणच्या हिश्श्यातून वजा व्हायला हवा.

विभाग फुटल्यावर जमणारी कोंडीची रक्कम आज विकास निधीत जाते आणि तिथून ग्रिडच्या निरनिराळ्या कामांना मिळते. ती आधी हक्कधारकांना द्यावी, उरलेली ज्या वाहिनीवर कोंडी झाली तिच्याच क्षमतावाढीला. तार बदलणे, व्होल्टेज सांभाळणारे कॅपॅसिटर आणि स्टॅटकॉम बसवणे, हवामानानुसार क्षमता मोजणारे संवेदक लावणे ही कामे काही महिन्यांत होतात आणि नव्या मनोऱ्यांसाठी जमीन मागत नाहीत. मुंबईभोवती आणि बिकानेरच्या बाजूला कोणते काम आधी घ्यायचे, ते सावली-भावांच्या यादीत वरून पहिल्या ओळीवर लिहिलेले असेल.